वीस हजार जणींचं औषध

हॅरिसनबर्ग, व्हर्जिनिया
९ फेब्रुवारी २००३

काकांना आणि काकूला नमस्कार.

काका, तुम्ही ई-मेल उघडत नाही आणि फोनवर दोन वाक्यं झाली की काकू रिसीव्हर हिसकावून घेते, म्हणून कागदावर लिहिते आहे. अक्षर बिघडलंय, हसू नका. मला सल्ला हवा आहे आणि आपल्या घरात डॉक्टर तुम्ही एकटेच. मला धरलं तर दोन, पण तुम्ही मला धरत नाही.

माझी कंपनी शेतकऱ्यांना कोंबडीची पिल्लं आणि खाद्य पुरवते. शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. सात आठवड्यांनी कंपनीच कोंबड्या उचलून नेते. मधल्या काळात त्या आजारी पडल्या की मी जाते. सध्या ग्लेन नावाच्या शेतकऱ्याकडे मरतुक लागली आहे. रोज सकाळी मेलेल्या पिल्लांच्या बादल्या बाहेर येतात. चिरून पाहिलं तर श्वासाच्या पिशव्यांत पिवळा साका. ई-कोलाय. तुमच्या ओळखीचाच जंतू, फक्त इथे तो छातीत शिरलेला आहे.

मॅनेजर म्हणतो, पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक द्या. हे तुमच्या सिप्रोचं सख्खं भावंड. त्याच्या प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या व्हेटची, पशुवैद्याची, म्हणजे माझी सही लागते. एकेका कोंबडीला काही गोळी भरवता येत नाही. औषध टाकीत टाकायचं, मग आजारी असोत नसोत, शेडमधल्या वीस हजार जणी ते पितात. सरकार यावर बंदी आणायच्या मागे आहे, पण तो वाद अजून मिटलेला नाही आणि तोवर हे कायद्यात बसतं. तरी मला धजवत नाही. अशा सरसकट पाजण्याने जंतू औषधाला सरावतात, हे तुम्हीही शिकलात आणि मीही.

अडचण एवढीच की माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज याच कंपनीने भरलाय आणि त्याच्या किल्ल्या याच मॅनेजरकडे आहेत. सही करू की नको?

तुमची,
वैदेही


एडिसन, न्यू जर्सी
१७ फेब्रुवारी २००३

कोंबड्यांच्या सिव्हिल सर्जन चि. वैदेही, तुला आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचलं, मग मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. अक्षर खरंच बिघडलंय. प्रश्न मात्र सोपा आहे. सही कर.

अगं, आजारी जिवाला हाताशी असलेलं औषध नाकारणं कुठल्या शपथेत बसतं? मी नागपूरच्या मेडिकलमधून बाहेर पडलो त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून अँटिबायोटिक देत आलो, जग काही बुडालं नाही. अजूनही नागपूरहून येताना बॅगेत मसाल्याशेजारी सिप्रोची पाकिटं असतात. निम्म्या एडिसनला माझ्या कपाटातल्या गोळ्यांनी बरं वाटलंय.

आणि दुसरं. मी इथे रेसिडेन्सी करत होतो तेव्हा चीफ म्हणेल ती पूर्व दिशा. मनात काय वाटायचं ते मनात ठेवलं, म्हणून आज स्वतःच्या घरात बसून तुला उपदेश करतोय. ग्रीन कार्ड हातात पडू दे, मग काय तत्त्वांचं लोणचं घालायचंय ते घाल. तुझे बाबा हयात असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

रविवारी सावजी चिकन केलं होतं. कोंबडी मी चार पाण्यांनी स्वच्छ धुतो, इथल्या लोकांसारखी पाकिटातून थेट पातेल्यात टाकत नाही. काकूचा सोवळेपणा तुला माहीत आहेच. माझं पातेलं, सुरी, पाट, डाव, सगळं तिने वेगळं करून खालच्या कपाटात टाकलंय. मी जाळ करत होतो तेव्हा ती शेजारी काकडी चोचवत होती आणि नाक मुरडत होती. मी रस्सा ओरपला, तिने कोशिंबीर आणि वरणभात. असा आमचा पस्तीस वर्षांचा तह आहे.

सही कर आणि झोप.

काका


हॅरिसनबर्ग
२३ मार्च २००३

प्रिय काका,

सही केली. पहिले काही दिवस मरतुक उतरली आणि मॅनेजरने माझी पाठ थोपटली. मग ती पुन्हा चढली. त्याच शेडमधले जंतू मी प्रयोगशाळेत वाढवून पाहिले. बशीत औषधाच्या चकतीभोवती मोकळं रिंगण दिसायला हवं होतं, पण बरेचसे जंतू चकतीला खेटून मजेत वाढले होते. ती बॅच आता गेली, मेलेल्या खड्ड्यात आणि उरलेल्या दुकानात.

मला स्वतःचा संताप आला आहे. सही करण्याआधी मी एक गोष्ट करायला हवी होती, ती आत्ता केली. शेडमध्ये नीट उभी राहिले. हातात काही न घेता, घाई न करता नुसती उभी राहिले, तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतका अमोनिया. थंडीत हीटरचा गॅस जास्त जळू नये म्हणून पंखे जवळजवळ बंद. खाली भुसा वर्षभरापेक्षा जुना. आपल्याकडे प्रत्येक बॅचनंतर तूस काढायचं, शेड धुवायची, चुना मारायचा, हे मी पहिल्या वर्षाला शिकले होते. इथे जुन्या भुशावरच नवा थर पसरतात, मागच्या बॅचचे जंतू पुढच्या बॅचच्या स्वागताला हजर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं, पण अमेरिकेत करतात म्हणजे बरोबरच असणार, असं समजून मी गप्प बसले. आपली ही एक खोड आहे.

तुम्ही शपथेचं म्हणालात. आजारी जिवाला औषध नाकारू नये, मान्य. पण आपणच त्याला आजारी पडेल असं ठेवायचं आणि मग औषध देऊन पुण्य जोडायचं, हे मला मान्य नाही. ग्लेनला सगळा भुसा काढायला लावणार आहे. पुढच्या बॅचसाठी या औषधावर मी सही करणार नाही.

हल्ली फोन तुम्हीच उचलता. काकू कुठे असते?

वैदेही


एडिसन
२ एप्रिल २००३

चि. वैदेही,

काकूचं पोट किरकोळ बिघडलंय. ओक ट्री रोडवर मैत्रिणींबरोबर भेळ खाल्ली होती, तिचा प्रसाद. सिप्रो सुरू केली आहे, उतरेल. तू फोन करून तिला दमवू नकोस.

भुसा काढ, पंखे लाव, हवं ते कर. सही नाकारायचा हट्ट मात्र करू नकोस. या देशातून परत जावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत. तुझं कार्ड होईपर्यंत मला स्वस्थता नाही.

घाईत आहे.

काका


एडिसन
२५ एप्रिल २००३

वैदेही बाळा,

माझ्या हातचं पत्र बघून दचकू नकोस, मी आता बरी आहे. ह्यांनी तुला ‘किरकोळ’ असं लिहिलं होतं ना? त्या किरकोळापायी मी आठवडाभर हॉस्पिटलात काढला.

पोटात पिळवटून कळा यायच्या, जुलाब, त्यात रक्त. ह्यांनी आधी भेळेला शिव्या घातल्या आणि कपाटातली सिप्रो काढली. मला उतार पडेना, तसा ह्यांनी डोस वाढवला. मी म्हणत होते की दुसऱ्या कुणाला तरी दाखवूया, तर म्हणाले, डॉक्टरच्या बायकोने दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे काय? मग एका सकाळी मी बाथरूममध्ये पडले. अंगात पाणीच उरलं नव्हतं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा हे माझी नाडी शोधत होते, एवढंच मला आठवतं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होती. सारखी विचारायची, चिकन खाल्लं होतं का. ह्यांनी मान ताठ करून सांगितलं, “माय वाइफ हॅज नेव्हर टच्ड मीट इन हर लाइफ.” तिने मान डोलावली आणि तरीही माझ्या शौचाचा नमुना तपासायला पाठवला तो पाठवलाच. निघाला कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू, आणि तोही सिप्रोला दाद न देणारा. औषध बदललं आणि मी माणसात आले.

हा जंतू बहुधा कोंबडीकडून येतो, असं तिने सांगितलं. तेव्हापासून हे गप्प आहेत. जेवतात, बातम्या बघतात, पण बोलत नाहीत. रविवारी पातेलं काढत नाहीत. मला कसं झालं असं विचारलं तर म्हणतात, झोप आता.

तू कोंबड्यांची डॉक्टर आहेस, तू सांग. मी कोंबडी कधी चाखली नाही. तिच्या पातेल्याला बोट लावलं नाही. मग ती माझ्या पोटात गेली कशी?

तुझी काकू


हॅरिसनबर्ग
३ मे २००३

प्रिय काकू,

तुझं पत्र पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि तिथेच रडले. मला कुणी कळवलं नाही याचा रागही आला. तो काकांसाठी राखून ठेवला आहे.

तू खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. भांडी तू वेगळी ठेवलीस, पण सिंक एकच आहे. काका कोंबडी नळाखाली धरतात. पाण्याचे थेंब उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही, ओट्यावर, नळाच्या मुठीवर, शेजारी धुऊन ठेवलेल्या काकडी-कोथिंबिरीवर. काकांचा रस्सा तासभर रटरटतो, त्यात काही जिवंत राहत नाही. तुझी कोशिंबीर कच्ची. म्हणून खाणारा सुटला आणि न खाणारी सापडली. कोंबडी धुऊ नये, हे आपल्याकडच्या कुणाला पटेल? नागपूरला माझी आईही तशीच धुते, स्वच्छतेची रीत म्हणूनच. काकांना हे वाचून दाखव, त्यात त्यांचा काही गुन्हा नाही.

सिप्रो का चालली नाही, ते मात्र माझ्या धंद्याकडे येतं. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात असतो आणि तिला काहीच करत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. छातीतल्या जंतूसाठी आम्ही पाण्यात औषध टाकतो तेव्हा आतड्यातल्यालाही ते मिळतं. त्यातले कच्चे मरतात, औषधाला पुरून उरलेले वाढतात आणि कोंबडीबरोबर बाजारात जातात. तुझ्या पोटात गेलेला असाच कुठला तरी. ती कोंबडी ग्लेनच्या शेडमधली होती असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण अशा शेड्स पुष्कळ आहेत आणि प्रत्येक वेळी माझ्यासारख्या कुणाची तरी सही असते.

ग्लेनने भुसा काढला. दोन दिवस ट्रॅक्टर चालवत मला शिव्या देत होता, पण काढला. शेड धुतली, पाण्याच्या नळ्या आतून साफ केल्या, त्यातून शेवाळासारखा चिकट गाळ निघाला. नवी पिल्लं आली आहेत. नोकरीचं सगळं ठीक आहे, त्याची काळजी करू नकोस. ताक पी, आणि काकांशी तूच आधी बोल.

वैदेही


हॅरिसनबर्ग
१२ जून २००३

प्रिय काका,

नोकरीचं सगळं ठीक आहे असं मी काकूला लिहिलं, ते खरं नव्हतं. यापुढे सही करणार नाही म्हटल्याबद्दल तेव्हाच मॅनेजरने मला एकदा बोलावून तंबी दिली होती. काकू अंथरुणात होती म्हणून लिहिलं नाही. तुम्ही ‘किरकोळ’ लिहिलंत, मी ‘ठीक’ लिहिलं, म्हणजे फिटंफाट.

नवी बॅच तीन आठवडे छान चालली. चौथ्या आठवड्यात पुन्हा शिंका सुरू झाल्या, पुन्हा सकाळच्या बादल्या. मी जंतू वाढवून पाहिले. या वेळी औषध थोडंफार चाललं असतं. म्हणूनच कठीण होतं. अजिबात चालणार नसतं तर नाही म्हणायला काय लागतं?

मॅनेजर कागद घेऊन शेडवरच आला. ग्लेन शेजारी उभा होता. ज्याच्या जास्त मरतात त्याला कंपनी पुढची बॅच उशिरा देते, त्यामुळे त्याचा चेहरा उतरलेला होता आणि तो माझ्या बाजूने नव्हता. मी सांगितलं की हवा, कोरडा भुसा आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर मला ही बॅच काढून दाखवायची आहे. मॅनेजर वाईट माणूस नाही, त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “इट्स जस्ट अ सिग्नेचर, वैदेही.”

मी म्हटलं, “देन यू डोन्ट नीड माइन.”

दुसऱ्या प्लांटचा व्हेट येऊन सही करेल, असं म्हणून तो निघून गेला. ग्लेनने टोपी जमिनीवर आपटली. म्हणाला, तुझ्या हट्टापायी माझ्या कोंबड्या मरताहेत. मी त्याच्याबरोबर आत गेले. मग रोज गेले. पंखे रात्रंदिवस चालू ठेवले, नळ्यांखालचा ओला भुसा खरवडून काढला, मेलेल्या दिसल्या की लगेच उचलल्या, वाचणार नाहीत अशांना हाल न करता मारलं. ते काम मी ग्लेनवर टाकलं नाही. आठवड्याच्या शेवटी तो दुसरा व्हेट आला, शेडभर फिरला, माझे आकडे पाहिले आणि म्हणाला की मरतुक उतरते आहे, आता औषधाची गरज नाही. त्या बॅचला ते गेलं नाही.

कोंबड्या परवा गेल्या. मेल्या त्या फेब्रुवारीपेक्षा कमी, पण एरवीपेक्षा जास्त. औषध दिलं असतं तर आणखी काही वाचल्या असत्या. हे मी तुमच्यापासून लपवत नाही आणि स्वतःपासूनही नाही. ग्लेन अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही, पण पुढच्या वेळीही भुसा काढणार म्हणाला.

काल मॅनेजरने बोलावलं. स्वतःच्या मनाने चालणारी व्हेट कंपनीला परवडत नाही, महिनाअखेरीस मोकळ्या व्हा, म्हणाला. ग्रीन कार्डचा अर्ज ते मागे घेणार आहेत. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका प्रयोगशाळेत याच जंतूंवर काम चालतं. त्यांना मी आधीच लिहून ठेवलं होतं. ते मला घेताहेत, व्हिसाचे कागदही भरताहेत. पगार कमी आहे आणि ग्रीन कार्डच्या रांगेत मी पुन्हा सगळ्यांच्या मागे. रांगेतली चार वर्षं गेली ती गेली. मला वाईट वाटतंय, पस्तावा मात्र होत नाही. हे औषध कोंबडीच्या पाण्यातून हद्दपार होईपर्यंत मी हा विषय सोडणार नाही, मग त्याला किती वर्षं लागायची ती लागोत.

तुम्ही रागवाल. रागवा, पण एकदाच काय ते रागवा. तिकडे जाण्याआधी चार दिवस तुमच्याकडे राहिले तर चालेल का?

वैदेही


एडिसन
२० जून २००३

चि. वैदेही,

रागवायचं ठरवूनच लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. जमलं नाही.

तुझं मे महिन्याचं पत्र काकूने मला वाचून दाखवलं, आणि मी बोललो नाही म्हणून पुन्हा वाचलं. सिंकपाशी माझा गुन्हा नव्हता असं तू म्हणतेस, ते मी मान्य करतो. पण औषध दाद देत नाही हे डोळ्यांना दिसत असताना मी डोस वाढवत गेलो. माझ्या हाताखालच्या एखाद्या इंटर्नने हे केलं असतं तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढला असता. तुझी काकू हातची जाणार होती, वैदेही. ती आत ताक घुसळते आहे, त्याचा आवाज येतोय, आणि तो ऐकत मी हे लिहितोय.

फेब्रुवारीत तू मला विचारलंस आणि मी सही कर म्हणालो. या वेळी तू विचारलं नाहीस, ते बरं केलंस. विचारलं असतंस तर काकू हॉस्पिटलातून घरी आलेली असतानाही मी बहुधा तेच म्हणालो असतो. तुझ्या कार्डाची मला इतकी धास्ती होती. तुझ्या बाबांचं नाव उगाच पुढे केलं होतं. तो काही सही कर म्हणाला नसता, मला माहीत आहे.

चार दिवस कसले, हवं तेवढं राहा. व्हिसाच्या वकिलाशी मी बोलून ठेवलंय, तो म्हणतो कागद वेळेत गेले तर अडचण नाही.

आता माझं एक काम. जुलैत आमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल आहे. दोनशे माणसं येतील आणि जवळपास प्रत्येकाच्या घरात नागपूर-पुण्याहून आणलेल्या गोळ्या आहेत, बऱ्याच जणांच्या घरात माझ्याच हातच्या. त्यांच्यासमोर मी उभा राहून बोलणार आहे. काकू म्हणते, तिचं नाव घेऊन बोलायला तिची हरकत नाही. पण समोर निम्मे डॉक्टर असतील, सगळे माझ्याएवढेच हट्टी, आणि चाळीस वर्षं मीच त्यांना उलटं सांगत आलोय. मला सुरुवातच सुचत नाही.

तू सांग, डॉक्टर. काय म्हणू?

चारुदत्तकाका